शेवंताक्का आणि नव्वद नंबरचं तेल

शेवंताक्का गॅरेजमध्ये आल्या की आधी उजव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सारायच्या. ते बघितलं की मी समजून जायचो, आपली सकाळ गेली. मग पदर खोचून त्या ट्रकच्या मागच्या बाजूला पोत्यावर बसायच्या आणि मी हौजिंगचा बोल्ट काढला रे काढला की माझ्या आधी त्या भोकात स्वतःचं बोट घालायच्या. बोट बाहेर काढून उजेडात धरायचं, अंगठ्यावर घासायचं, मग नाकाशी न्यायचं. गिअर ऑइलचा वास ज्यांनी कधी घेतला नसेल त्यांनी नासकं अंडं आठवावं. आक्का तो वास अत्तराचा फाया हुंगावा तसा हुंगायच्या आणि निकाल द्यायच्या, "जेमतेमच हाय मिस्त्री. हात आखडता का घेताय?"

मी हात आखडता घेत नव्हतो. कात्रजला गॅरेज टाकल्यापासून मी इतक्या गाड्यांखाली झोपलोय की घरच्या पलंगावर मला अवघडल्यासारखं होतं. हौजिंगमध्ये तेल किती घालायचं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती, आणि आक्का मात्र दर महिन्याला शिकवायला यायच्या. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. लिहायला बसलो तेव्हा वाटलं होतं, आता तरी त्यांच्याबद्दल चार गोड शब्द सुचतील. पण पेन हातात घेतलं आणि पहिल्यांदा आठवलं ते त्यांचं बांगड्या सारणं, आणि डोकं पुन्हा तापलं.

ज्यांचा ट्रकशी संबंध फक्त सिग्नलला येतो त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ट्रकच्या मागच्या चाकांच्या मधोमध लोखंडी भोपळ्यासारखा एक गोळा दिसतो. पुस्तकात त्याला डिफरन्शियल म्हणतात, आम्ही हौजिंग म्हणतो. इंजिनाची ताकद त्यातल्या दातेरी चाकांमधून मागच्या चाकांकडे जाते, आणि ही दातेरी चाकं तेलात बुडून फिरतात. भोपळ्याच्या मागच्या अंगाला एक भोक असतं, त्याला बोल्ट. गाडी सपाट जागेवर उभी करायची, गार होऊ द्यायची, बोल्ट काढायचा आणि बोट घालून बघायचं. तेल भोकाच्या खालच्या काठाला टेकलेलं पाहिजे. कमी असलं तर दाते जळतात. जास्त असलं तर ते गरम झाल्यावर वाट शोधत चाकांकडे जातं, तिथल्या सीलमधून झिरपतं आणि ब्रेकच्या लायनरवर, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर उतरतं. तेल प्यालेला ब्रेक गाडी थांबवत नाही. एवढंच शास्त्र आहे, आणि शेवंताक्कांना त्यातलं 'कमी असलं तर' एवढंच मान्य होतं.

ट्रक त्यांच्या मालकांचा, म्हणजे नवऱ्याचा. डोंगराच्या कडेचं त्यांचं गाव महापालिकेत आलं, शेती गुंठ्यागुंठ्यानं गेली, आणि त्या पैशातून मालकांनी हा ट्रक घेतला. मालकांची बोटं केळ्यासारखी, भोकात जायची नाहीत. म्हणून तेल बघायचं काम पहिल्या दिवसापासून आक्कांच्या बारीक बोटाकडे आलं. मालक शेजारी उकिडवे बसून विचारायचे, "काय म्हणतंय?" आणि आक्का सांगतील तेवढं तेल घालायचे. मालक आजारपणात गेले तेव्हा भावकीतले लोक म्हणाले, ट्रक काढून टाका. आक्कांनी तो काढला नाही. जावयाच्या हातात दिला, आणि तेल बघणं स्वतःकडे ठेवलं. हे मला पुष्कळ उशिरा, त्यांच्या लेकीकडून कळलं. कळल्यावर माझी चिडचिड कमी व्हायला हवी होती, पण ती झाली नाही.

भांडणाला खरं तोंड फुटलं ते एका सोमवारी. शनिवारी मी त्यांच्या गाडीचं तेल बदलून दिलं होतं. सोमवारी आक्का रिक्षातून उतरल्या त्या बोट पुढे करूनच.

"बघा. कोरडं ठाक."

"आक्का, परवा तुमच्यादेखत भरलं."

"भरलं खरं. मग गेलं कुठं? बोट खोटं बोलत न्हाई, मिस्त्री. माणसाचं काय सांगावं."

दोन ड्रायव्हर तिथंच चहा पीत उभे होते. त्यांनी कप खाली ठेवले आणि कान टवकारले. गॅरेजवाल्याला लोक उद्धट म्हणतात, उशीर लावतो म्हणतात, त्यानं काही बिघडत नाही. पण तेल चोरतो असं एकदा नाव झालं की शटर ओढायचीच वेळ येते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात न पुसता मी त्याच रिक्षात आक्कांशेजारी बसलो आणि त्यांच्या घरी गेलो.

घरासमोर ट्रक उभा होता, तोंड उताराकडे करून. मालकांची जुनी सवय. सकाळी स्टार्टरनं दगा दिला तर गाडी नुसती सोडून सुरू करता यावी म्हणून ते ती तशी लावायचे. मालक गेले तरी ट्रक त्याच जागी, तसाच उभा राहायचा. आता तोंड खाली म्हटल्यावर हौजिंगमधलं तेल पुढच्या अंगाला सरकणार, आणि भोक तर मागच्या अंगाला. तिथं बोट घातलं तर ते कोरडंच येणार. तिरक्या पातेल्यातली आमटी एका कडेला जाते, त्यातलाच प्रकार. मी हे सगळं आक्कांना नीट, आवाज न चढवता सांगितलं. माझ्या बायकोचा यावर अजून विश्वास बसत नाही.

"म्हणजे माझ्या दारातली जागा वाकडी हाय म्हणता?"

"उताराची आहे, आक्का."

"आमच्या सासऱ्यांनी पाणसळ लावून बघितलीया ही जागा."

मी त्यांच्या लेकीकडून एक लिंबू मागून घेतलं आणि ट्रकच्या चाकाशेजारी ठेवलं. लिंबू जे निघालं ते गल्लीतून थेट गटारापाशी जाऊन थांबलं. आक्कांनी ते शांतपणे जाताना पाहिलं. "लिंबू गोल असतंय मिस्त्री," त्या म्हणाल्या. "गोल वस्तू पळणारच." मग मी मोबाइल काढला. हल्ली मोबाइलमध्येही पाणसळ असते. तो जमिनीवर ठेवला, आकडा दाखवला. आक्का म्हणाल्या, "कालच तुमच्या मोबाइलनं पाऊस हाय म्हणून सांगितलं. आला का?"

मी कपाळाला हात लावला. त्या अंगणाएवढीच जमीन त्यांच्याकडे उरली होती, हे मला माहीत होतं. तिला वाकडी म्हणणारा माणूस सख्खा नातलग असता तरी आक्कांनी त्याला उंबऱ्याबाहेर काढला असता. मला त्यांनी चहा दिला. मी तो प्यालो, निघालो, आणि कोपऱ्यावर मागं वळून बघतो तर आक्का ट्रकच्या हौद्यावर तेलाचा डबा चढवत होत्या. डबा वर, नळी खाली भोकात. बिबवेवाडीच्या दुकानातून नव्वद नंबरचं, म्हणजे हौजिंगात घालायचं तेल त्या स्वतः जाऊन आणायच्या, आणि बोट ओलं होईपर्यंत ओतायच्या. मी लांबूनच ओरडलो. त्यांनी पदर डोक्यावर सारखा केला आणि ओतणं चालू ठेवलं.

आता या सगळ्यात गाडी चालवणारा माणूस काय करत होता, असं कुणीही विचारेल. तीच खरी डोकेदुखी. विलासराव म्हणजे आक्कांचे जावई. एकुलत्या एका लेकीचा नवरा, घरातच राहायला आलेले, दोन पोरांचे बाप. इतकी वर्षं एका छपराखाली काढूनही आक्कांच्या लेखी ते 'पाव्हणं' होते, आणि विलासरावांच्या लेखी आक्का म्हणजे ज्यांच्यासमोर मान वर करायची नाही अशा मामी. दोघं एकमेकांशी सरळ बोलायचे नाहीत. आक्का माझ्या डाव्या हाताला, विलासराव उजव्या हाताला, मधे मी, हातात पाना.

"मिस्त्री, पाव्हण्यांना इचारा, गाडी वढती का नीट."

"मामींना सांगा, ओढतीय व्यवस्थित."

"त्यांना म्हणावं, जेवणाचा डबा परत आणलाय त्यात अर्धी भाकरी हाय. तब्येत बरी हाय न्हवं?"

हे मला बोलून दाखवावं लागे. पाना टाकून मी एकदा विचारलं की तुम्ही दोघं आपापसात बोलायचं काय घेणार. दोघंही माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मीच काही अमंगळ बोललो. आक्कांना राग आला तरी जावयावर काढता यायचा नाही, तो माझ्यावर निघायचा. विलासरावांना नको असलं तरी सासूच्या हातचं नाकारता यायचं नाही. ताटात चौथी भाकरी पडली तरी ते खायचे. आणि आक्का ताटात तूप वाढायच्या त्याच हातानं गाडीत तेल ओतायच्या. "पाव्हण्यांच्या गाडीत कमी पडलं तर लोक काय म्हणतील?"

"आक्का, लोक हौजिंगमध्ये बोट घालून बघत नाहीत."

"देव बघतोय की."

पुढे व्हायचं ते होऊ लागलं. मागच्या डाव्या चाकाचं सील ओलं दिसलं. मी ते बदललं, जास्तीचं तेल खाली काढलं आणि आक्कांना बजावलं की आता थेंबही घालू नका, हे ब्रेकवर जाईल. मी काढलेलं तेल त्यांनी घमेल्यात बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी जणू त्यांच्या देखत त्यांच्या घरातला दाणा पोत्यात भरून नेतोय. "म्हणजे तुम्ही खरंच काढता," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे येणं बंद केलं. मार्केट यार्डाकडच्या कुणा मिस्त्रीकडे गाडी जाते असं कळलं. तो त्या सांगतील तेवढं घालून देतो, असंही आक्कांनी मुद्दाम माझ्या कानावर येईल असं सांगितलं. मी म्हटलं, सुटलो. आठ दिवस मी खरोखर सुटल्यासारखा वागलो, आणि मग प्रत्येक जाणाऱ्या ट्रकचं मागचं चाक बघायला लागलो. याचाही मला संताप यायचा.

एका दुपारी विलासराव एकटेच गाडी घेऊन आले. गॅरेजच्या बाहेरच उतरले आणि आत येऊन नुसते उभे राहिले. चेहरा उतरलेला. साताऱ्याकडे पेंडीची पोती टाकून येत होते. कात्रजच्या बोगद्यातून पुण्याकडे जो उतार लागतो, त्याच्याबद्दल इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्या उतारावर त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी हवी तशी धरेना. रिकामी होती म्हणून खालच्या गिअरमध्ये टाकून, कडेला घेत घेत त्यांनी ती कशीबशी उतरवली. पुढे शाळेची बस होती, म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना भरलेली गाडी घेऊन पुन्हा त्याच रस्त्यानं जायचं होतं.

मी चाक खोललं. ड्रमच्या आत लायनर तेलानं चिंब झालेलं. दुसऱ्या बाजूचंही तसंच.

"हे आज नाही झालेलं," मी म्हणालो. "तुम्हाला आधी जाणवलं असणार."

"जाणवत होतं महिनाभर," विलासराव म्हणाले. "मामींना सांगू नका. लायनर बदलून द्या फक्त."

"आणि त्या परत ओततील त्याचं काय?"

त्यांनी मान खाली घातली. "त्या स्वतःच्या हातानं घालतात. मामांची गाडी त्यांनी माझ्या हातात दिली. नको कसं म्हणू?"

इतकी वर्षं मी आक्कांवर चिडत होतो. त्या क्षणी मला या शहाण्या, सरळ, कष्टाळू माणसाला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. मरणाच्या दारातून आला होता आणि मर्यादा सांभाळत होता. मी त्यांना सांगितलं, गाडी इथून हलणार नाही. आणि आक्कांना फोन लावला.

"आलं का ध्यानात?" पलीकडून आवाज आला. "कबूल करायला फोन केला व्हय?"

"या लगेच," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

आक्का आल्या. बांगड्या सारायला हात गेला, पण बोल्ट काढलेलाच नव्हता, चाक काढलेलं होतं. त्या गोंधळल्या. मी काही न बोलता लायनर त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी बोट लावलं, अंगठ्यावर घासलं, नाकाशी नेलं. तो वास त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"ह्ये कशाचं हाय?"

"ब्रेकचं."

"हितं ह्ये तेल कसं आलं?"

"तुम्ही घातलेलं आहे," मी म्हणालो. गोड बोलायच्या मनःस्थितीत मी नव्हतो. आज उतारावर काय झालं तेही सांगितलं, बससकट.

मला वाटलं आता पाणसळ निघेल, सासरे निघतील. तसं काही झालं नाही. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाव्हण्यांना इचारा, त्यांना ठावं व्हतं का?"

विलासराव हाताच्या अंतरावर उभे होते. माझा संयम संपला. "ते समोर उभे आहेत, आक्का. तुम्ही विचारा. मी आता एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही."

आक्का सावकाश वळल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा जावयाकडे सरळ बघून म्हणाल्या, "विलास, तुमाला कळत व्हतं?"

"दोनदा सांगणार होतो, मामी."

"मग?"

"तुम्ही डबा घेऊन उभ्या होता."

"मग?"

आक्कांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आपल्या घरातलं एक कुक्कू पुसलंया. माझ्या लेकीचं पुसायला म्या डबा घेऊन उभी व्हते, आन तुम्ही लाजला?" त्यांची हनुवटी हलत होती. मी दुसरीकडे बघायला लागलो, पण कान तिथंच होते.

"म्हणा आता," आक्का म्हणाल्या.

"काय म्हणू?"

"नको म्हणा. माझ्या तोंडावर म्हणा."

"असू द्या, मामी."

"असू द्या न्हाई. नको."

पस्तिशीचा धट्टाकट्टा माणूस, भरल्या पोत्यांचा ट्रक घाटातून नेणारा, आणि दोन अक्षरं त्याच्या गळ्यातून निघेनात. दोनदा तोंड उघडलं, मिटलं. आक्का हलल्या नाहीत. शेवटी ते जमिनीकडे बघून पुटपुटले, "मामी, नको."

"वर बघून."

त्यांनी वर बघितलं. "मामी, नको. तेल घालू नका तुम्ही."

"बरं," आक्का म्हणाल्या आणि पोत्यावर बसल्या. मी दोन्ही बाजूंची सीलं आणि लायनर बदलेपर्यंत त्या तिथंच बसून होत्या. माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही.

त्या माझे आभार मानतील अशी माझी अपेक्षा नव्हती, आणि त्यांनी ते मानले नाहीत. पुढच्या महिन्यात येऊन त्यांनी तक्रार केली. "मिस्त्री, तुम्ही माझं पाव्हणं बिघडवलं. काल तिसरी भाकरी वाढली तर नको म्हणाले. चहात साखर नको म्हणतात. पोरांना ट्यूशन नको म्हणतात." हे सांगताना त्या इतक्या खुशीत होत्या की मला पुन्हा चिडायला कारण मिळालं. अंगण सपाट आहे हे त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. फक्त तेल बघायला गाडी माझ्याकडे यायला लागली.

मग आक्कांच्या छातीचं दुखणं निघालं. दवाखान्यात दाखल केलं आणि तिसऱ्याच दिवशी त्यांनी घरी जायचा धोशा लावला. मी भेटायला गेलो तेव्हा त्या चपला घालून, पिशवी मांडीवर घेऊन कॉटवर बसल्या होत्या. डॉक्टर म्हणत होते अजून थोडे दिवस राहा, धोका आहे. नर्सनं सांगून बघितलं, मी सांगून बघितलं. मला म्हणाल्या, तुम्ही हौजिंगचं बघा. लेक नुसती रडत होती, आईला नाही म्हणायची तिची छाती होईना. उपचार पुरे झाल्यावरच त्या घरी गेल्या, आणखी एक दिवाळी त्यांनी नातवंडांबरोबर केली, आणि मग एका पहाटे आपल्याच घरात, झोपेत गेल्या. पण त्या दुपारी त्या दारापर्यंत पोचल्याच होत्या.

तेवढ्यात विलासराव आले. सरळ रस्त्यावरून आलेले, अंगावर धूळ. त्यांनी आक्कांच्या पायातल्या चपलांकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं.

"मामी, नको," ते म्हणाले.

आक्कांच्या हातातली पिशवी विलासरावांनी काढून घेतली, आक्कांनी ती घेऊ दिली. मग त्या परत कॉटवर येऊन बसल्या, एक चप्पल काढली, दुसरी काढली, आणि उशीवर डोकं टेकताना म्हणाल्या, "बरं. तुम्ही म्हणताय तर ऱ्हाते."